उस्तादाचं अपडेट

बू रुमिन्तेनच्या घरातली मागची खोली भर दुपारीही अंधारी असते. खिडकीला गोणपाट, दाराला जुन्या बाटिकचा पडदा. आत शिरलं की आधी काही दिसत नाही, फक्त ऐकू येतं. मग हळूहळू आढ्याला टांगलेले पिंजरे दिसायला लागतात, प्रत्येकावर काळी खोळ. आणि मधोमध, सुतळीच्या फासात लटकलेला तिचा मोबाईल. त्या मोबाईलमधून एक पक्षी गात असतो. तो मरून बरीच वर्षं झाली.

"चपला बाहेर, खोकला बाहेर," बू कुजबुजते. "वर्ग चालू आहे."

जावातल्या क्लातेनमधल्या आमच्या गल्लीत थोरल्या बाईला बू म्हणतात, थोरल्या पुरुषाला पाक; आणि पक्षी पाळणं हा पुरुषांचा खेळ. लांब शेपटीचा, तांबड्या पोटाचा मुराई पाळायचा, रविवारी त्याला मैदानात न्यायचं, इतरांच्या पक्ष्यांसमोर गायला लावायचं आणि परीक्षकाने त्याच्या पिंजऱ्याखाली झेंडा रोवला की आठवडाभर मिशीवर ताव. पण मुराईची पिसं गळायला लागली की हेच पुरुष घाबरतात. पक्षी गप्प होतो, लुकडा दिसतो, एका कोपऱ्यात बसून राहतो. तेव्हा ते पिंजरा उचलून बू रुमिन्तेनकडे येतात. कारण त्या दिवसांत पक्षी गात नसला तरी ऐकत असतो. अंधारात जे कानावर पडेल ते नव्या पिसांबरोबर त्याच्या अंगात उगवतं. शेपूट पूर्ण आली की गाणं पक्कं. मग त्यातलं काही काढता येत नाही, घालता येत नाही.

"रुमिन्तेन," समोरचे पाक दारमाजी, ज्यांचा स्वतःचा मुराईही आतच टांगलाय, ओट्यावरून ओरडतात, "नवऱ्याला जन्मात बोलू दिलं नाही, आणि परक्यांच्या पक्ष्यांना बोलायला शिकवता!"

"नवऱ्याला पिसं कुठे होती, पाक!"

मोबाईलमधला तो पक्षी म्हणजे मेंदुंग. मेंदुंग म्हणजे आभाळ दाटून येणं. बूचा स्वतःचा मुराई. तो गायला लागला की मैदानातली माणसं हातातली सिगरेट विझली तरी ओढत राहायची, असं म्हणतात. एका साध्याच सकाळी, तो न्हाऊन उन्हात बसलेला असताना, बूने मोबाईल समोर धरला आणि ते गाणं त्यात उतरवून घेतलं. मागे कुठेतरी कोंबडा आहे, कुणाचा तरी खोकलाही आहे. आजवर एकाही विद्यार्थ्याने तो खोकला उचलला नाही, हे बूचं नशीब.

मेंदुंग गेल्यावर बू मैदानात गेलीच नाही. लोकांचे पक्षी शिकवून परत दिले, पण स्वतःचा पाळला नाही. गेल्या वर्षी मेंदुंगचा नातू तिच्या हाती आला. गेरिमिस, म्हणजे भुरभुर पाऊस. आजोबाला त्याने कधी ऐकलं नव्हतं. यंदा त्याची पिसं गळायला लागली तेव्हा बूने इतर पिंजरे जरा लांब सरकवले आणि त्याचा पिंजरा मोबाईलच्या अगदी शेजारी टांगला.

"मला तो आवाज एकदा उघड्यावर ऐकायचाय, लारास," ती मला म्हणाली. "खोलीत नाही. झाडाखाली, माणसांत, वारा असताना. एवढं झालं की बास."

मी तेव्हा शहाणपणा केला. तिचा मोबाईल जुनाट, काच तडकलेली, आवाज वाढवायचं बटण आत रुतून बसलेलं, कर्णा कुठेतरी फाटलेला. म्हणून मेंदुंगचं गाणं माझ्या नव्या मोबाईलमध्ये घेतलं आणि पिंजऱ्याजवळ लावलं. स्वच्छ, गोल आवाज. बूने खोळ जरा वर करून पाहिलं. गेरिमिसने आमच्याकडे पाठ फिरवली होती.

"तुझा मोबाईल नोकरीच्या मुलाखतीला बसल्यासारखा गातो," बू म्हणाली. "त्याला हा खरखर्‍या घशाचाच हवाय. हाच त्याचा उस्ताद."

तर हा उस्ताद रोज दुपारी, असरच्या अजानच्या जरा आधी, गाता गाता एक घंटी वाजवायचा. टिंग, टुडुंग. पडद्यावर पाटी यायची: सुरक्षा अपडेट तयार आहे. आत्ता की नंतर?

"नंतर," बू म्हणायची आणि बोट टेकवायची.

"बू, किती दिवस नंतर?"

"माझ्या बहिणीने असंच 'आत्ता' म्हटलं होतं. तिचा मोबाईल झोपला तो उठलाच नाही. याला काही झालं तर गेरिमिसला काय मी गाऊन दाखवू?"

 उन्हाची एक बारीक रेघ गोणपाटातून येऊन खोळींवरून फिरायची, मेंदुंग गायचा, आणि त्या खोलीत बसलं की बाहेरचं जग उकळत्या भातावरच्या वाफेसारखं हलकं व्हायचं. कुठलाही निर्णय घ्यायची ती जागाच नव्हती.

मग लग्नाची पत्रिका आली. पाक दारमाजींच्या नंबरवरून, गल्लीतल्या सगळ्यांना एकदम. पत्रिकेची फाईल, खाली फुलांचं चित्र. झालं असं होतं की कुणा अनोळखी माणसाने पाकना तशीच पत्रिका पाठवली, पाकनी ती उघडली, आणि त्यांचा मोबाईल दुसऱ्याच कुणाच्या हातात गेल्यासारखा वागायला लागला. पाक दारोदार फिरून सांगत होते, "उघडू नका! माझ्या घरात लग्न नाही!" मी धावत बूकडे गेले तर तिचं बोट फाईलवर टेकायलाच आलेलं.

"बू, नको!" मी मोबाईल ओढून घेतला.

"अगं, लग्नाचं बोलावणं न उघडता ठेवायचं? मुलीकडच्यांना काय वाटेल?"

"मुलगी नाहीये, बू!"

"मग मुलाकडच्यांना."

"मुलगाही नाही! चोर आहे!"

तिने माझ्या हातातल्या पडद्याकडे वाकून पाहिलं. "चोराने तरी पत्रिका छान काढलीये," म्हणाली. मग आवाज उतरला. "लारास, हे आत घुसलं असतं तर मेंदुंग गेला असता?"

"गाण्याची प्रत माझ्याकडे आहे. पण हा मोबाईल हातचा गेला असता."

"आणि ते अपडेट घेतलं तर चोर येत नाही?"

"कुणी आपण होऊन दार उघडलं तर येईलच. पण निदान दाराला कडी लागेल. आत्ता तुमचं दार नुसतं लोटलेलं आहे."

तिने मोबाईल पदराला पुसावा तसा सारोंगला पुसला आणि परत फासात अडकवला. म्हणाली, "गेरिमिसची शेपूट आली की बघू." तिचं बरोबरच होतं असं मलाही वाटलं. शेपूट आली की गाणं पक्कं, मग मोबाईलचं काय व्हायचं ते होवो.

आणखी काही दिवस असेच गेले. एका दुपारी मी स्वयंपाकघरात बसून सोयाबीनच्या टेंपेचे काप तळत होते, बू वाटीत पक्ष्यांसाठी मुंग्यांची अंडी निवडत होती. आतून घंटी वाजली. टिंग, टुडुंग.

"नंतर!" बू सवयीने ओरडली, हात झटकून उठली, आत गेली.

बराच वेळ बाहेर आली नाही. मी पडदा सारून डोकावले. ती मोबाईल हातात धरून उभी होती. मोबाईलचा पडदा काळा. पाटी नाही, काही नाही. मेंदुंगचं गाणं चालूच होतं.

पुन्हा वाजलं. टिंग, टुडुंग. शेजारच्या खोळीच्या आतून, अगदी बारीक, झोपेत बोलावं तसं.

मला हसू फुटलं. काय करणार! इतकं हुबेहूब. पण बू मटकन खाली बसली.

"माझंच बोट," ती म्हणाली. "रोज 'नंतर नंतर' करत मीच शिकवलं त्याला."

तिने खोळ उचलली. गेरिमिसची शेपूट अर्ध्यावर आली होती. काळी, ओली असल्यासारखी चमकणारी. उरलेली अर्धी यायला फार दिवस लागणार नव्हते. रोज एकदा घंटी वाजत राहिली तर ती मेंदुंगच्या गाण्यात कायमची शिवली जाणार होती. आणि वाजू द्यायची नसेल तर आत्ताच, वर्ग चालू असताना, उस्तादाला धोक्यात घालायचं होतं.

आम्ही तशाच उठून बाजारात गेलो. मास तेगुहची मोबाईल दुरुस्तीची टपरी पुलाखाली आहे. त्याने डोळ्याला भिंग लावून बूचा मोबाईल उलटसुलट केला.

"बू, हा अजून जिवंत आहे?"

"तुझ्या आजीपेक्षा बरा आहे. घंटी तेवढी बंद कर."

"आवाज बंद केला तर गाणंही बंद. बटण रुतलंय, याला घसा एकच."

"नुसती पाटीच येऊ नये असं कर."

"मोबाईलचीच पाटी आहे, ती पुसायची सोय यात नाही. अपडेट मिळेपर्यंत मागत राहणार." त्याने पडद्यावर काहीतरी वर खाली केलं. "आणि बू, हे याचं शेवटचं आहे. कंपनीने लिहिलंय. यानंतर याला कुणी काही पाठवणार नाही. हे एवढं घेतलं की हा जन्मभर गप्प."

"शेवटचं?" बूने विचारलं.

"शेवटचं."

तिने मोबाईल त्याच्या हातातून घेतला, असा, जसा आजारी पक्षी घेतात. पंख दाबले जाऊ नयेत अशा बेताने.

"घेतलं तर उठेल?"

"दहातले नऊ उठतात. याची बॅटरी म्हातारी आहे, मधेच मान टाकली तर मी उघडून बघेन. पण आवाज तोच राहील का, मधेच बंद पडेल का, ते उठल्यावरच कळणार. इथे ठेवून जा, संध्याकाळी न्या."

"इथे? या गोंगाटात? त्याला घरीच ठेवते."

"नाहीतर नवा घ्या की! हप्त्याने देतो."

"नवा तूच घे आणि तूच गा," बू म्हणाली.

येताना भाताच्या खाचरांवर दुपारचं पाणी चकाकत होतं, त्यात आभाळ उलटं पडलेलं, त्यात एक बगळा उलटा. मेरापी डोंगर ढगात होता. मला वाटलं, ही आता पुन्हा 'नंतर'च म्हणणार. पण घरी आल्यावर तिने हात धुतले, मोबाईल चार्जरला लावला, फासातच लटकत ठेवला आणि पाटी यायची वाटही पाहिली नाही. स्वतःच शोधून काढली.

"आत्ता," ती म्हणाली आणि बोट टेकवलं.

मेंदुंग मधेच तुटला. पडदा काळा झाला, मग त्यावर एक पांढरं वर्तुळ फिरायला लागलं.

त्या खोलीत शांतता कधी ऐकलीच नव्हती मी. बाहेर कुणाची तरी मोटारसायकल सुरू होऊन लांब गेली. आत सगळे पिंजरे एकदम सावध झाल्यासारखे. बू जमिनीवर बसली, मीही तिच्याजवळ टेकले. वर्तुळाचा उजेड तिच्या चेहऱ्यावरून फिरत होता, म्हणजे फिरत नव्हता, पण तसं वाटत होतं. मोबाईल एकदा पूर्ण विझला. तिने माझा हात धरला.

"गेला?"

"पुन्हा सुरू होतोय, बू. असंच असतं."

"तुला काय माहीत."

मला खरंच माहीत नव्हतं.

तेवढ्यात गेरिमिसच्या खोळीतून आवाज आला. गाणं नाही, गाण्याची पुटपुट. मुराई असं करतात, चोच मिटून, स्वतःशीच. आधी आजोबाची ती उतरती लकेर, पाणी दगडांवरून येतं तशी. मग टकटक. मग ती लांब शीळ, जिच्या शेवटी मोबाईल खरखरायचा. गेरिमिसही तिथे खरखरला. बूने ओठ दाबून धरले.

मग टिंग, टुडुंग.

आणि तो थांबला. कुणी उत्तर देईल म्हणून थांबतात तसा. पुन्हा म्हणाला. पुन्हा थांबला. रोज घंटीनंतर बूची चाहूल यायची, मेंदुंग पुढे चालू राहायचा. आज कुणीच आलं नाही, काहीच पुढे गेलं नाही. खोळीच्या आत त्याचं नखाने दांडी चाचपणं ऐकू येत होतं.

मग त्याने घंटी तिसऱ्यांदा घेतली, पण पूर्ण केली नाही. टिंगवरूनच वळला आणि भलतीकडेच गेला. एक आवाज काढला, वर चढणारा, मधे मोडणारा, मोडलेल्या ठिकाणाहून पुन्हा वर जाणारा. मी बूकडे पाहिलं.

"हे मेंदुंगचं?" मी कानात विचारलं.

तिने मान हलवली. नाही.

"मग कुणाचं?"

"मला नाही माहीत." तिचे डोळे मिटलेले होते. "कुणाचंच नाही हे. त्याचंच असेल."

त्याने तेच पुन्हा घेतलं, आता जरा मोठ्याने, दुरुस्त करत, मग पुन्हा. पलीकडच्या एका पिंजऱ्यातही कुणीतरी हललं.

मोबाईल उजळला. अपडेट पूर्ण झालं, असं लिहून आलं. आणि त्याखाली काही नाही. कसलाही प्रश्न नाही. मी बोट पुढे केलं, मेंदुंगचं गाणं लावून पाहायला, आवाज तोच आहे का, खरखर आहे का. बूने माझं मनगट धरलं.

"थांब," ती म्हणाली. "त्याचं होऊ दे."

ती उठली, पाय न वाजवता. सुतळीचा फास सोडवला आणि मोबाईल तसाच, गप्पच, खोलीच्या पलीकडच्या टोकाला नेऊन पाक दारमाजींच्या लुकड्या मुराईशेजारी बांधला. मग परत येऊन गेरिमिसच्या खोळीची एक कड दुमडली, बोटभर उजेड आत जाईल एवढी, आणि खाली बसून ऐकत राहिली.