फौजेचा मटार

एकाहत्तरच्या लढाईत हिंदी मुलखातल्या आमच्या लष्करी फॅक्टरीच्या कॉलनीतला प्रत्येक पुरुष स्वतःला सेनापती समजत होता. फॅक्टरीत दिवसभर लोखंडाला रंग फासणाराही संध्याकाळी ओट्यावर बसून लाहोर घ्यायचा. खिडक्यांना काळे कागद चिकटवले की यांची देशसेवा आटोपली. मला या सगळ्यांचा मनस्वी तिटकारा होता. अपवाद फक्त दादाचा.

दादा फॅक्टरीचा ट्रक चालवायचा. नुकताच लागला होता, अजून पक्का व्हायचा होता. वडील आजारपणामुळे घरी बसलेले, म्हणजे घर त्याच्याच पगारावर. त्या डिसेंबरात त्याच्या साहेबांनी मुलीच्या साखरपुड्याच्या जेवणासाठी त्याला तोच ट्रक घेऊन शहराबाहेरच्या पाटन गावी पाठवलं, मटार आणायला. तिकडे सीमेवर पोरं मरत होती आणि इकडे सरकारी ट्रकमधून मटार येत होता! सोलायला बायका खोळंबल्यात, उशीर करू नको, असंही वर बजावलं. त्या बायकांत माझी आई होती, आणि बंगल्यावरून बोलावणं आलं म्हणून ठेवणीतलं लुगडं नेसून गेली होती. शहरात शिरताना दादाने ट्रक असा दामटला की पोलिसाने अडवून चालान फाडलं. त्याच्या आयुष्यातलं पहिलं.

मग आमच्याकडे दरबार भरला. चहा आमचा, अक्कल त्यांची. एक शेजारी म्हणाले, कोर्टात गुन्हा कबूल कर आणि दंड भरून मोकळा हो. रस्ता सरळ होता, पण मग लायसन्सवर शेरा बसला असता आणि तसल्या ड्रायव्हरला फॅक्टरी पक्कं करत नसे. दुसऱ्यांनी नेपियर टाउनमधला वकील सुचवला. पोलिसाने वेग काय नुसत्या डोळ्यांनी मोजला, असं तो विचारणार होता म्हणे. तारखांवर तारखा पडल्या असत्या आणि दादा तोवर लटकलेलाच राहिला असता, पण सुचवणाऱ्याचं त्यात काय जात होतं?

शेवटी मामा खाकरला. तो दादाच्या साहेबांच्याच ऑफिसात हेडक्लार्क. साहेब शिंकले की हा रुमाल काढायचा.

"काहून घाबरून राहिला बे?" तो दादाला म्हणाला. "लढाई चालू आहे ना? 'फौज का माल था, हुजूर' एवढंच म्हण. साहेब पाठीशी आहेत. पोत्यांत काय होतं हे कोण विचारून राहिलं?"

"मामा, मटार होता," मी म्हणाले.

"तू चूप बस. फौज काय मटार खात नाही?"

सगळे खो खो हसले. दादा हसला नाही. दुसऱ्या दिवशी अंगणात सायकल पुसता पुसता तो मला म्हणाला, "मी खरं सांगून टाकतो. जे होईल ते होईल." मला इतका अभिमान वाटला की मी दिवसभर कॉलनीत मान वर करून फिरले.

वडिलांना चालवत नव्हतं म्हणून कोर्टात आईने मला बरोबर धाडलं. मामा इस्त्रीचा कोट घालून आधीच हजर होता. मॅजिस्ट्रेट वयस्कर होते, थकलेले दिसत होते.

"गाडी इतनी तेज क्यों चला रहे थे?"

दादाने एकदा मामाकडे पाहिलं. "फौज का माल था, हुजूर."

मॅजिस्ट्रेटांनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढला. "मेरा बेटा भी वहीं है, सरहद पर," ते म्हणाले. "कई दिन से चिट्ठी नहीं आई." मग अगदी हळू आवाजात, वडील माणसाने विचारावं तसं त्यांनी विचारलं, "माल टाइम पर पहुँच गया न, बेटा?"

अजूनही गप्प बसता आलं असतं. मी मनातल्या मनात दादाला विनवत होते.

"पहुँच गया, जी," दादा म्हणाला.

चालान रद्द झालं. होळीच्या आत नोकरी पक्की झाली. माझं कॉलेज त्याच पगारावर झालं, हे मी नाकारत नाही. मामाची मला नुसती किळस यायची, ती त्याच्याबरोबर संपली. दादाची मात्र त्या दिवशी शरम वाटली, आणि ती अजून वाटते.