जिवंत तात्यांचं सुतक

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, सुनेजवळ नाही. आणि देवाजवळ? देवाजवळ तर ते दहा दिवस मी स्वतःच गेले नव्हते — ते का, हे येईलच पुढे. जरा दमाने घ्या. मला एका दमात मुद्द्यावर येता येत नाही, घरात सगळे हसतात त्यावरून.

आधी कुंदा सांगते. कुंदा म्हणजे माझी धाकटी जाऊ. मी बेव्हर्ली पार्कला, ती भाईंदर पूर्वेला. मध्ये एक रिक्षा, तीही आम्ही दोघी आठवड्यातून चार वेळा करतो. मी तिला अगं-तुगं करते, ती मला ताई म्हणते, तुम्ही म्हणते. घरात मी मोठी. गणपतीचं खातं माझं, लग्नकार्याचं माझं आणि सहलीचंही माझंच. सहल म्हणजे महाबळेश्वर. तोच बंगला, तोच आचारी, तीच पिठलं-भाकरी, आणि परत येताना तोच जांभळाचा मध. कुणाची कधी तक्रार नव्हती — निदान मला तरी ऐकू आली नव्हती.

मग एका वर्षी कुंदाने फोनवर एक कॉटेज शोधून काढलं. हिमाचलमध्ये, सफरचंदाच्या बागेत, अख्खं लाकडाचं. समोर बर्फाचा डोंगर. जन्मात बर्फ म्हणजे फ्रीजमधला बघितलेली बाई ही! तिने थेट तिथल्या माणसाला फोन लावला आणि आपल्या भाईंदरच्या हिंदीत विचारलं, ‘‘भैया, गरम पानी चोवीस घंटे आयेगा ना? और बरफका डोंगर खिडकीमेंसे दिखेगा की बाहर जाना पडेगा?’’ तो म्हणाला, आंटीजी, खिडकी खोलो, सामने पहाड. हे ‘सामने पहाड’ तिने मला इतक्या वेळा सांगितलं की मला त्या भैयाचा आवाज पाठ झाला.

रविवारी सगळे माझ्याकडे जमले. पोहे झाले, चहा झाला. मी म्हटलं, एवढ्या लांब कशाला, आपलं महाबळेश्वर काय वाईट आहे? धाकटे दीर म्हणाले, ‘‘वहिनी, तिथे आता डोंगर कमी आणि पार्किंग जास्त.’’ झालं. सगळे हसले. मुलगा हसला, सून तोंडाला पदर — म्हणजे ओढणी — लावून हसली. आणि आमचे हे? सगळ्यांत मोठ्याने. हातातली बशी खाली ठेवून हसले. कुंदा तेवढी हसली नाही. ती फोनमध्ये खोल्यांचे फोटो दाखवण्यात गुंग होती.

एवढंच झालं होतं. तुम्ही म्हणाल, यात काय मोठं? काहीच नाही. मीही तेच म्हणायला हवं होतं.

पुढचे दोन महिने घरात कुंदा, कुंदा आणि कुंदा. कुंदाने गाडीची तिकिटं काढली, कुंदाने स्वेटर विणायला घेतले, कुंदा साडीवर बूट घालून बागेत चालण्याचा सराव करते. मेतकूट कुणी न्यायचं, थेपले किती, वरची खोली कुणाला — सगळं कुंदा ठरवणार. मला विचारायची, हो, प्रत्येक गोष्ट विचारायची. पण विचारणं आणि ठरवणं यात फरक असतो की नाही? मी ‘हो’ म्हणायचे आणि आतून नुसती धुमसायचे.

निघायला थोडे दिवस राहिले होते. दुपारी तिचा फोन आला, ‘‘ताई, गरम पाण्याची पिशवी एक पुरेल का दोन घेऊ?’’ आणि माझ्या तोंडून निघालं, ‘‘अगं, पिशवीचं राहू दे. गावाहून फोन आला होता. तात्या गेले.’’

तात्या म्हणजे माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ. कोकणात, गावीच असतात. कुंपणातल्या एका फणसावरून त्या घराशी आमचं बोलणं कधीचं तुटलेलं. जाणं-येणं नाही, पत्रिका नाही, फोन नाही. पण भाऊबंदकी अशी असते बघा — बोलणं तुटतं, सुतक तुटत नाही. आणि बोलणंच नाही म्हटल्यावर फोन करून खात्री करणार कोण? हे सगळं मला त्या एका क्षणात सुचलं का? नाही हो. खोटं कशाला बोलू आता? दोन रात्री मी नातेवाईक निवडत होते. मावशी-मामांकडचे चालत नाहीत, सुतक आपल्या घराण्यातलं लागतं. आणि जवळचा मारला तर लगेच कळेल. तात्या अगदी चपखल बसले.

सुतकात फिरायला जाऊ नये असं मी म्हटलं नाही. शपथेवर सांगते, एका शब्दाने नाही. कुंदाच म्हणाली, ‘‘अरे देवा. मग नको ताई. घरात सुतक आणि आपण डोंगर बघत बसायचं, बरं नाही दिसत.’’ ती असंच म्हणणार हे मला ठाऊक होतं. म्हणून तर फोन तिच्याशी चालू असताना बोलले ना मी — ह्यांच्याशी बोलले असते तर हे म्हणाले असते, मरू दे तो फणसवाला, बॅगा भरा.

मग दहा दिवस सुरू झाले. देवाला दिवा नाही, मंदिर नाही, गोडधोड नाही. ह्यांनी दाढी केली नाही. शेजारचे गुजराती काका लिफ्टमध्ये विचारतात, ‘‘भाभी, भाईसाबको कोई सिरियलमें साधू का रोल मिला क्या?’’ मी आत येऊन दार लावून हसले. हो, हसले. पहिले दोन-तीन दिवस मला छानच वाटत होतं, तेही सांगून टाकते. सगळे पुन्हा मलाच विचारत होते — वहिनी, हे चालतं का, आई, ते चालतं का?

कुंदाने कॉटेजवाल्याला स्वतः फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, कोई बात नहीं आंटीजी, अगले साल आना, पहाड कहीं नहीं जाता. हे तिने मला हसत हसत सांगितलं. अर्धे विणलेले स्वेटर तिने पिशवीत घालून माळ्यावर टाकले.

पहाड कुठे गेला नाही. पुढच्या वर्षी दिरांचं ऑपरेशन निघालं. त्याच्या पुढच्या वर्षी तिच्या भाचीचं लग्न. आणि मग कुंदाला दम लागायला लागला. आता डॉक्टरांनी सांगून ठेवलंय — उंचावर जायचं नाही. महाबळेश्वरसुद्धा विचारून.

आणि तात्या? ठणठणीत. पण कुंदाने त्यांना सोडलं नाही. सर्वपित्रीला ती माझ्याकडे स्वयंपाकाला येते. सासू-सासऱ्यांची पानं वाढून झाली की दरवर्षी म्हणते, ‘‘ताई, तात्यांच्या नावाचं राहिलं हां. भांडण जमिनीवर, वर गेल्यावर कसलं भांडण?’’ आणि मी — मी स्वतःच्या हाताने त्या जिवंत माणसाच्या नावाने खीर-वडे वाढते. आमच्या गच्चीवरचा कावळाही असा मेला की त्याच पानावर आधी झडप घालतो. कुंदा हात जोडते. म्हणते, ‘‘बघा, आत्मा किती समाधानी आहे!’’

मागच्या वर्षी भाईंदरलाच एका लग्नाला गेलो दोघी. मांडवात शिरतोय तोच पुढच्या रांगेत कोण? पांढरी टोपी, हातात काठी, मांडीवर जिलेबीची प्लेट. तात्या! मुलीकडून त्यांचं काही नातं निघालं असणार. तोंड गोड करणं चाललेलं. मी कुंदाचा दंड धरला, म्हटलं, ‘‘चल, डोकं फुटतंय माझं.’’ तिने अक्षतासुद्धा टाकल्या नव्हत्या. तिला त्या मांडवातली बासुंदी खायची होती, सकाळपासून बोलत होती त्याबद्दल. एका शब्दाने कुरकुरली नाही. रिक्षात माझं डोकं मांडीवर घेऊन घरापर्यंत बाम चोळत आली. माझं डोकं दुखत नव्हतं हो. त्या बामाने डोळ्यांतून पाणी मात्र भरपूर आलं, आणि कुंदा म्हणाली, ‘‘रडू नका ताई, उतरेल.’’ तेव्हा सांगता आलं असतं. तोंडाशी आलं होतं. मी ‘‘जरा इकडे चोळ’’ म्हटलं.

या वर्षी सुनेने बेत आखला. तेच कॉटेज, हिमाचल, सफरचंदाची बाग. मी ‘पाय दुखतात’ म्हणून बघितलं, पण कुंदाच मागे लागली. माळ्यावरची पिशवी काढून माझा स्वेटर पुरा केला तिने. बाह्या आता घट्ट होतात, म्हणून काखेत वेगळ्या रंगाची लोकर घातलीय. आणि मी गेले. पहिल्या सकाळी खिडकी उघडली — आणि खरंच, समोर पहाड. त्या भैयाने एका शब्दाचंही खोटं सांगितलं नव्हतं. ऊन पडलं तसा तो शेंड्यापासून खाली गुलाबी होत आला. इतकं सुंदर मी काही बघितलेलं नाही, आणि ते कुंदाऐवजी मी बघत होते.

तिचा व्हिडिओ कॉल आला. ‘‘दाखवा, दाखवा, लवकर!’’ मी फोन फिरवला. तिने चष्मा लावला, तोंड फोनच्या अगदी जवळ आणलं. मग म्हणाली, ‘‘ताई, हात हलवू नका ना. डोंगर हलतोय.’’

तर असं आहे. तात्या गेले नव्हते. सगळे हसले म्हणून मी त्यांना मारलं, आणि कुंदाचा डोंगर घालवला. हसले हे काही कारण होत नाही, मला कळतं. तिने माझं कधीच काही वाकडं केलं नव्हतं.

मी मासिकाला काही लिहून पाठवलं आणि छापून आलं की अंक माझ्या पत्त्यावर येतो. आधी मी वाचते, चुका काढते, दोन दिवस मिरवते आणि मग कुंदाकडे पाठवते. ती चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, मधलं काही सोडत नाही. या वेळी अंकासाठी मी पत्ता भाईंदर पूर्वेचा दिलाय.