जवाईबापूंची मरणाची खानावळ

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी सासुरवाडीचा जेवढा उपयोग करून घेतला, तेवढा आजवर दुसऱ्या कुठल्याही जावयाने करून घेतला नसेल. इतर जावई सासऱ्याकडून घड्याळ घेतात, सायकल घेतात, फार तर धाकट्या भावाला कुठेतरी चिकटवून घेतात. आमच्या भाऊजींनी अख्खी सासुरवाडी तोंडाला तांदळाचं पीठ फासून नाटकात उभी केली. आणि नाटक तरी कसलं? देव नाही, राजा नाही, शेवटी गोड होणारं लग्न नाही. बालाघाटच्या माणसाने तोवर जे काही पाहिलं होतं, त्यातल्या कशाशीही त्याचं नातं नव्हतं.

भाऊजी तिरोडीला मॅंगनीजच्या खाणीच्या ऑफिसात होते. उंच, काटकुळे, आणि मान कायम थोडी डावीकडे कललेली. त्यामुळेच की काय, जगात सरळ असलेली गोष्ट त्यांना सहन होत नसे. आमच्या घरी आले की ते आधी बैठकीतल्या तसबिरी वाकड्या करायचे. आई त्या सरळ करायची, चहा घेऊन येईपर्यंत त्या पुन्हा वाकड्या. "सरळ फोटोकडे कोनी पाह्यत नाही, आई," ते म्हणायचे, "वाकडा असला की मानूस थांबते." लग्नात ते रडायचे आणि मयताला गेले की प्रसन्न होऊन परतायचे. लालबर्ऱ्याला एका लग्नात त्यांनी असे हुंदके दिले की वरपक्षातल्या एका वृद्ध गृहस्थांनी जवळ येऊन, "आपण मुलीचे कोण?" असं हळुवारपणे विचारलं. "कोनी नाही," भाऊजी डोळे पुसत म्हणाले, "पन हे क्लॅरिनेट ऐका ना! किती दुःखी वाजून राह्यलं! अन् हे लोक जिलब्या खाऊन राह्यले!" ताई त्या दिवशी जेवलीच नाही. तिचा नवऱ्यावर जीव होता, पण त्याच्याबरोबर चारचौघांत जायचं म्हणजे तिला घाम फुटायचा.

हा माणूस एकदा ऑफिसच्या कामासाठी कलकत्त्याला गेला आणि तिथे कुठल्याशा हॉलमध्ये एका परदेशी मंडळीचा खेळ पाहून आला. भाषा एका अक्षराने कळली नाही, पण परत आले ते झपाटून. मग प्रत्येक जेवणात तेच. चेहरे पांढरेफट्ट, डोळ्यांभोवती काजळाचे खड्डे. घरं वाकडी, दारं वाकडी. टेबलं मांडलेली, त्यांच्यामधून एक उंच टोपीवाला फिरतो आणि प्रेक्षकांना गाण्यातून शिव्या देतो. एक बाई खुर्चीवर बसून मरणाबद्दल गाते आणि लोक दारू पीत ऐकतात. "अन् देवाचं काईच नव्हतं काय?" आईने काळजीने विचारलं. "देव सुटीवर गेलता, आई," भाऊजी म्हणाले. ह्या प्रकाराला कॅबरे म्हणतात आणि त्याच्या मागच्या विचाराला एक्स्प्रेशनिझम म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. बाबांनी दोन्ही शब्द सोडून दिले आणि त्याला 'जवाईबापूचं वाकडं नाटक' म्हणायला सुरुवात केली.

त्या वर्षी अधिक श्रावण आला होता. धोंड्याच्या महिन्यात जावयाला घरी बोलवायचं, अनारसे घालून जेवू घालायचं आणि वाण द्यायचं, ही आमच्याकडची रीत. ह्या महिन्यातला जावई म्हणजे प्रत्यक्ष विष्णू, त्याला नाही म्हणायचं नसतं. तांब्याच्या भांड्यात अनारसे पुढे ठेवून बाबांनी मोठ्या मनाने विचारलं, "बोला जवाईबापू, काय पायजे?"

"गोदाम पायजे," भाऊजी म्हणाले.

बाबांची राइस मिल होती आणि मिलच्या पाठीमागे मोठं टिनाचं गोदाम. बाबांचा चेहरा उतरला. आईने पदराने तोंड पुसलं. ताई तर भिंतीतच शिरायच्या बेतात होती.

"गणपतीपुरतं," भाऊजींनी खुलासा केला. "नवा धान येईपर्यंत रिकामंच तं असते. अन् घरची मानसं पायजेत. सगळी."

"हात्तिच्या! नेऊन टाका!" बाबा इतक्या आनंदाने म्हणाले की आपण कशाला हो म्हणतो आहोत हे त्यांनी विचारलंच नाही.

नाटकाचं नाव 'मरणाची खानावळ'. लिहिणारे, बसवणारे आणि टोपी घालून शिव्या देणारे भाऊजीच. गोष्ट अशी की एका गावात मरण खानावळ चालवतं. जेवणाचे पैसे लागत नाहीत, पण प्रत्येकाने आपल्याजवळचं काहीतरी ठेवून जायचं. शेठ आपली झोप ठेवतो, फौजदार आपली सावली ठेवतो. फौजदार आमचा दादा होता. मी 'भूक' होते. भूक म्हणजे टेबलाखाली बसायचं आणि मधूनच एक हात वर काढायचा. ताईला स्टेजवर यायची भयंकर लाज, म्हणून तिच्याकडे चंद्र दिला. सुपाला पांढरा कागद चिकटवून चंद्र केला होता, तो माळ्यावर लपून दोरीने लोंबकळत ठेवायचा. मिलच्या मिस्त्रीला वाकडं दार करायला सांगितलं, तर तो बिचारा प्रत्येक वेळी सरळ दार करून आणी आणि वर म्हणे, "साहेब, हात ऐकतच नाही." शेवटी भाऊजींनी दारच तिरपं उभं केलं, आणि त्यातून जाताना दादाची टोपी रोज पडू लागली. डोळ्यांभोवती लावायला भाऊजींनी तिरोडीहून मॅंगनीजची काळी पूड आणली होती. ती एकदा लावली की निघत नसे. दादा विसर्जनापर्यंत गावभर तसाच हिंडला आणि लोक त्याला तब्येत विचारत राहिले. संगीताला लग्नाचा बँड होता. बँडवाल्यांना लग्नाचीच गाणी येत होती. भाऊजींनी जराही न डगमगता सांगितलं, "तेच वाजवा. पन नवरदेव पळून गेला, असं समजून वाजवा." बँडवाले थोडा वेळ एकमेकांकडे बघत राहिले आणि मग त्यांनी असं काही वाजवलं की अंगावर काटा आला.

सगळं जमलं, पण मरण मिळेना. खुर्चीवर बसून गाणारी ती बाई हवी होती आणि आमच्यात गाणारं कोणी नव्हतं. म्हणजे असं आम्ही समजत होतो.

घरात आमची आत्या होती. बाबांची धाकटी बहीण. लग्न झाल्यावर वर्षाच्या आत कपाळ पुसून परत आलेली, ती आमच्या जन्माच्या आधीपासून मागच्या खोलीतच. सणावाराचा सगळा स्वयंपाक तिच्या हातचा, पण वाढायला ती कधी पुढे आली नाही. महालक्ष्म्या बसल्या की ती दाराआडून हात जोडायची. तिला कोणी तसं सांगत नव्हतं, आणि पुढे ये असंही कोणी म्हणत नव्हतं. एका दुपारी ती तांदळातले खडे निवडत स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती आणि भाऊजी बशीतला चहा घेऊन मागच्या दारात खिळून उभे राहिले. आत्याचा आवाज जाड होता, पोटातून येणारा. आम्ही तो रोज ऐकत होतो, त्यामुळे आम्हाला तो कधी ऐकूच आला नव्हता.

"आत्याबाई," भाऊजी म्हणाले, "मरनाचं काम तुमी करा."

मी तिथेच होते. आत्याने सूप खाली ठेवलं. "मले काहून, जवाईबापू? माह्यासाठी दुसरं काही नाही सुचलं काय?"

"मरनाले कोनी मांगच्या खोलीत बसवत नाही, आत्याबाई," भाऊजी नेहमीच्या वेडगळ उत्साहात म्हणाले. "थे सगळ्यायच्या समोर येऊन बसते."

बाबांना हे कळलं आणि घरात वादळ झालं. गोदाम दिलं, मुलगा दिला, मुली दिल्या, पण घरातली विधवा बहीण गावासमोर बसवायची? बाबा कधी नव्हे ते जावयावर ओरडले. भाऊजींनी वाद घातला नाही. ते रात्री पानावर बसले आणि हात न लावता उठले. सकाळी तेच. धोंड्याच्या महिन्यात जावई उपाशी! आई देवघरात जाऊन रडायला लागली. बाबा बैठकीत येरझारा घालत म्हणत होते, "अहो, लोक काय म्हनतीन?"

तेव्हा मागच्या दाराआडून आत्याने बाबांना हाक मारली. "दादा, मी म्हनीन गानं. तोंडाले पीठ लावल्यावर कोन ओळखते मले?"

बाबा थांबले. तिने त्यांच्याकडे आयुष्यात काही मागितलं नव्हतं, हे त्यांच्या त्याच वेळी ध्यानात आलं असावं. ते 'नाही' न म्हणता मिलमध्ये निघून गेले. भाऊजींनी आईला सांगितलं, "वाढा."

खेळाच्या दिवशी संध्याकाळी गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. वारासिवनीहून माणसं छोट्या लाइनच्या रेल्वेगाडीने आली होती. कारण भाऊजींनी फलकावर ठळक अक्षरांत 'संगीत कॅबरे' लिहवून घेतलं होतं, आणि कॅबरे म्हणजे कमी कपडे आणि जास्त दिवे, एवढं आमच्या गावाला हिंदी सिनेमाने शिकवलं होतं. पडदा म्हणजे ताडपत्री. ती अर्ध्यात अडकली, तिच्याखालून वाकून भाऊजी उंच टोपीत अवतरले आणि प्रेक्षकांकडे बोट करून गाऊ लागले की ह्या गावात सगळे चोर आहेत. कलकत्त्याला लोक ह्यावर हसले होते. इथे पहिल्या रांगेतले एक धान्याचे व्यापारी उठून उभे राहिले. "कौन चोर? नाम लेके बोलो!" भाऊजींकडे नाव नव्हतं. पण मागच्या लोकांकडे नावं होती. त्यांनी ती भराभर सांगायला सुरुवात केली. एकच गोंधळ उडाला. "कॅबरे कब होगा?" म्हणून शिट्ट्या वाजू लागल्या. दादाची टोपी दारात पडली, मी चुकीच्या वेळी हात वर काढला, आणि वर घाबरलेल्या ताईच्या हातून चंद्र सुटून सरळ शेठच्या ताटात पडला. बाबा पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते. टेबलाखालून मला त्यांचा चेहरा दिसत होता आणि आता सगळी अब्रू जाणार, म्हणून मी रडायच्या बेतात होते.

आत्या केव्हा येऊन खुर्चीवर बसली ते कळलंच नाही. काळं लुगडं, पांढरा चेहरा. तिने बँडची वाट पाहिली नाही.

"या बसा हो, पाट मांडले,
भूक कुणाची राहू नये;
उठून जाता मागे वळुनी
कुणी कुणाला पाहू नये."

पहिली शिट्टी मध्येच विरली. मग बाकीच्याही. क्लॅरिनेटवाल्याने हळूच तिच्या मागे सूर धरला. गाणं संपलं. मग बायकांच्या बाजूने एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "अवं, हे तं मिलवाल्याची बहीन व्हय!" पीठ लावूनही ओळखलंच. आत्याने दचकून बाबांकडे पाहिलं. पुरुषांकडून कोणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!" आणि सगळं गोदाम तेच ओरडू लागलं. आत्या बाबांकडेच बघत होती. बाबांचे डोळे भरले होते. त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "म्हन, बाई."

तिला ते इतक्यांदा म्हणावं लागलं की नाटक पुढे सरकलंच नाही. शेवटचा अंक तसाच राहिला. "तुमच्या आत्याबाईनं माहं नाटक खाऊन टाकलं!" भाऊजी टोपी काढून सगळ्यांना सांगत सुटले होते. एवढे खूष मी त्यांना मयतानंतरही पाहिले नव्हते. पण गावाने त्या रात्रीची आठवण 'मिलमधलं ते भजन' अशीच ठेवली. "भजन नव्हतं ते!" भाऊजी पुढे कितीतरी वर्षं तळमळून सांगायचे. "एक्स्प्रेशनिझम होता तो!" "हौ, हौ," लोक म्हणायचे, "लई चांगलं भजन झालं." त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या आरतीला बाबांनी आत्याला पुढे बोलावलं आणि मग ते तसंच चालू राहिलं. आरती तिनेच सुरू करायची.

भाऊजींनी पुन्हा नाटक केलं नाही. करणार होते. एक जुनी मालगाडी आणि चार शववाहक असलेलं काहीतरी त्यांच्या डोक्यात होतं. पण सत्तर सालानंतर एका उन्हाळ्यात तिरोडीला चार दिवसांचा ताप आला आणि ते गेले. त्यांच्या मयताला मला कोणीच प्रसन्न दिसलं नाही. असा माणूस नसला की घरातल्या सगळ्या तसबिरी सरळ राहतात, आणि ते बघवत नाही.

ताई माहेरी आली. भादव्यात महालक्ष्म्या बसल्या, मीही सासरहून आले होते. घर पाहुण्यांनी भरलं होतं. आरतीची वेळ झाली आणि ताई कोणी काही न सांगता उठून मागच्या खोलीत जाऊन बसली. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं. आईने मान फिरवली, मी निरांजनाच्या वाती सारख्या करत बसले. आत्या आरती सुरू करणार, तेवढ्यात तिने ताट खाली ठेवलं, मागे गेली आणि ताईच्या मनगटाला धरून तिला बाहेर घेऊन आली.

"आत्या, नको वं," ताई कुजबुजली, "लोक हायेत."

"लोकायले म्या पाह्यलं हाये," आत्या म्हणाली. "काही नाही करत. नुसते पाह्यतात."

भाऊजी हवे होते तिथे, असं मला त्या वेळी फार वाटलं. बाबा थोडे सरकले आणि त्यांनी ताईला आपल्या शेजारी जागा करून दिली.