बिनहळदीचं नाव

आमच्या चावडीपुढे आता दोन दगड आहेत. जुना दगड लढाईला गेलेल्यांचा. नवा दगड लढाईला जायला नकार दिलेल्यांचा. जुन्यावर माझ्या चुलत सासऱ्यांचं नाव आहे, नव्यावर सासऱ्यांचं. दोघे सख्खे भाऊ. नवा दगड बसला तो माझ्या एका शब्दामुळे, आणि तो शब्द खोटा होता.

लग्न होऊन मी औंधकडच्या या गावात आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मामंजींच्या भाजीत हळद घालायची न्हाई." मला वाटलं, वैद्याचं पथ्य असेल. घरात बटाट्याची भाजी दोन पातेल्यांत व्हायची. आमची पिवळी, त्यांची पांढरी. कारण कुणी सांगत नव्हतं आणि विचारायची माझी हिंमत नव्हती.

कारणाचा अर्धा भाग पाणवठ्यावर कळला. एक बाई हसून दुसरीला म्हणाली, "ही बघ, नवरदेवाची सून." संध्याकाळी मी मालकांना विचारलं. मग त्यांनी गावाला ठाऊक होतं तेवढं सांगितलं. इंग्रजांच्या मोठ्या लढाईच्या वेळी भरतीचा साहेब आला आणि पाटलानं घरटी एक माणूस मागितला. तिघे जण पळून गेले. त्यांत मामंजी एक. ते सांगलीजवळ हरिपूरला गेले. तिथे जमिनीत खोल पेवं खणून हळद साठवतात. त्या पेवांवर त्यांनी लढाई संपेपर्यंत हमाली केली. परत आले तेव्हा हात कोपरापर्यंत पिवळे होते. चावडीवरचे लोक ओरडले, "आला रं आला, नवरदेव हळद लावून आला!" ते नाव तीन पिढ्या चिकटलं. ते पळाले म्हणून त्यांच्या धाकट्या भावाला नेलं. तो परत आला नाही.

माझा लेक दुसरीत असताना शाळेतून रडत आला होता. म्हणाला, "आई, नवरदेव म्हंजे लय वाईट असतो का?"

कारणाचा उरलेला अर्धा भाग मला मामंजींनी स्वतः सांगितला. शेवटच्या वर्षी त्यांचे पाय सुजले होते. मी तेल चोळत होते. घरची सगळी ऊस तोडायला गेली होती. ते आढ्याकडे बघत बोलायला लागले.

"कुणी कुणी म्हंत्यात, गोऱ्याच्या लढाईत कशाला मरायचं म्हणून मी पळालो. तसलं कायबी माझ्या डोक्यात नव्हतं पोरी. मी भ्यालो. अन् मला ठावं हुतं, मी घावलो न्हाई तर धाकल्याला नेणार. ठावं असून गेलो."

मी चोळत राहिले. वर बघायची लाज वाटली.

"पेवात उतरायच्या आदी कंदील सोडत्यात. तो इजला तर आत हवा न्हाई. कवा कवा वाटायचं, कंदील न सोडताच उतरावं. पर तसं कवा केलं न्हाई. तितंबी भ्यालोच." मग माझा हात धरून म्हणाले, "माझं नाव कुठं लावू नगा. त्याच्या शेजारी तर न्हाईच न्हाई."

मी म्हटलं, "व्हय, मामंजी."

ते गेले. पुढे मालकही गेले. दसऱ्याला जुना दगड धुऊन प्रत्येक नावाला त्या त्या घरच्या बाईनं हळद लावायची आमच्याकडे रीत आहे. धाकट्या सासऱ्यांच्या नावाला मी दरवर्षी लावते. मामंजी असताना त्या दिवशी सकाळीच रानात जायचे आणि दगडापुढची गर्दी पांगल्यावर घरी यायचे.

मग आमच्या गावातल्या निवृत्त गुरुजींनी गावाचा इतिहास गोळा करायला घेतला. ते म्हणाले, दुसऱ्याच्या लढाईला नाही म्हणायलाही छाती लागते. त्या तिघांचाही दगड हवा, आणि जुन्या दगडाच्या शेजारीच हवा. गावाची दोन गावं झाली. मोबाईलवरच्या गटात लोक एकमेकांचे बाप काढायला लागले. जागा दाखवायला रोवलेल्या खांबावर कुणीतरी हिरव्या बांगड्या अडकवून गेलं. माझा लेक साताऱ्याला कचेरीत नोकरीला आहे. तो दर शनिवारी या कामासाठी यायला लागला. मी इतकी वर्षं त्याला इतकं ताठ चालताना पाहिलं नव्हतं. "आता कोण नवरदेव म्हंतंय बघू," म्हणायचा. मी त्याच्या ताटात भाकरी वाढायची आणि गप्प बसायची. उद्या सांगू म्हणायची.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात झाली. आम्ही बायका भिंतीकडेला बसलो होतो. निवृत्त सुभेदार भावजी उभे राहिले. त्यांचे वडील आणि माझे धाकटे सासरे एकाच दिवशी भरती झाले होते. वडील परत आले, पण एक पाय तिकडेच राहिला.

"गुरुजी, पोरं रोज पहाटं भरतीसाठी पळत्यात," ते म्हणाले. "त्यांना मी कुठला दगड दाखवू? गेलेल्याचा का पळालेल्याचा?"

मागून कुणीतरी ओरडलं, "दोनी दाखवा की! पळायचा सराव दोन्हीकडं हुतोय!" सगळे हसले. माझा लेक हसला नाही. त्याचे कान लाल झाले.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "ते भिऊन पळाले नव्हते, सुभेदार. दुसऱ्याच्या लढाईत मी माणूस मारणार नाही, असा त्यांचा विचार होता."

"तुमाला काय कानात येऊन सांगितला का त्यांनी?"

तेव्हा गुरुजी माझ्याकडे वळले. "वहिनींनी सासऱ्यांची शेवटपर्यंत सेवा केली. वहिनी, तुम्ही सांगा. असंच म्हणायचे ना ते?"

अख्खं पटांगण माझ्याकडे वळलं. सभेत मी कधी तोंड उघडलेलं नव्हतं. पदर ओढून घेतला. लेकाकडे बघितलं. तो दुसरीत असताना बघायचा तसाच बघत होता.

मी म्हटलं, "व्हय."

लाजेनं तोंडातून निघून गेलं, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगितलं. पण तसं नव्हतं. नाही म्हणायलाही एवढाच वेळ लागला असता.

सुभेदार भावजी दोन पावलं पुढे आले. मग सगळ्यांसमोर माझ्याकडे बघून त्यांनी हात जोडले. "वहिनी, चुकलं आमचं. तुमच्या घराला आमी लय बोललो." त्यांनी विरोध सोडला आणि दगड मंजूर झाला. तीन नावांखाली ते वाक्यसुद्धा कोरलं, दुसऱ्याच्या लढाईत मी माणूस मारणार नाही. दगड बसला त्या दिवशी माझा लेक दगडाला हात लावून रडला.

या दसऱ्याला मी हळदीची वाटी घेऊन गेले. धाकट्या सासऱ्यांच्या नावाला बोट लावलं. मग नव्या दगडापुढे बसले आणि हात पुढे जाईना. हरिपूरहून आल्यापासून त्यांनी हळद तोंडात घेतली नाही, आणि मी ती त्यांच्या नावाला फासणार होते. तेही त्यांनी नको म्हटलेल्या जागी. दुसऱ्या दोन नावांना त्यांच्या घरच्या बायकांनी लावली. मी नुसती फुलं वाहून उठले.

सगळे पांगल्यावर सुभेदार भावजी म्हणाले, "वहिनी, मामंजींच्या नावाला हळद ऱ्हायली की."

"त्यांना चालत नव्हती, भावजी."

"का बरं?"

मी सांगितलं. सगळं. उभ्या उभ्या, दगडाकडे बघत. ऐकताना त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

"भ्यालो मीबी," ते म्हणाले. "पंचवीस वर्सं नोकरी केली, कितीदा तरी भ्यालो. भिण्याचं काय न्हाई. पर माझ्या जागी दुसरा कुणी गेला न्हाई." मग दोन पावलं जाऊन परत वळले. "मी हात जोडले हुते तुमाला."

एवढंच. कुणाला सांगतो म्हणाले नाहीत, सांगत नाही असंही म्हणाले नाहीत.

परवा शनिवारी लेक आला. मी बटाट्याची भाजी केली, बिनहळदीची. एकाच पातेल्यात. त्यानं पहिला घास घेतला आणि ताटाकडे बघितलं.

"आज हळद संपली काय गं आई?"

"न्हाई. जेव तू. मग सांगते."

पण मग म्हणता म्हणता तो उठून जाईल, मी पुन्हा उद्या म्हणेन, हे मला माहीत होतं. म्हणून तो जेवत असतानाच सांगितलं. तो अर्ध्या ताटावरून उठला. हात धुतले. पाठमोराच म्हणाला, "सभेत का न्हाई बोललीस?"

"तू बघत हुतास."

"म्हंजे माझ्यावर घालतीयास?"

"न्हाई रं. व्हय मी म्हटलं."

साताऱ्याच्या गाडीला निघताना तो माझ्याशी बोलला नाही. चावडीपुढून जाताना नव्या दगडाकडे त्यानं मान वळवली नाही. जुन्या दगडापुढे मात्र क्षणभर थांबला. मला दारातून दिसलं.

रात्री फोन आला. म्हणाला, "गुरुजींना मी सांगतो. तू नको जाऊस, लोक काय बी बोलतील." मी म्हटलं, नको. तिघांतल्या दोघांचं मला माहीत नाही, त्यांचा दगड राहू दे. एक नाव तेवढं काढायचं आहे. मामंजींना मी शब्द दिला होता, तोही व्हय म्हणूनच. पुढच्या ग्रामसभेला भिंतीकडेला न बसता पुढे बसायचं ठरवलं आहे. काय बोलायचं ते लिहून काढलं, तेच हे. वाचून दाखवायला जमेल असं वाटत नाही. पण उभी राहीन.