पूर्वाच्या माहेरचा एसी

जावई चांगला मिळाला की सासूला बोलायला जागाच उरत नाही, ही मीराबाई परुळेकरांची खरी अडचण होती. देवेश उद्धट असता तर त्यांनी त्याला एका वाक्यात गप्प केलं असतं. पण तो पडला गोड बोलणारा, डोंबिवलीत वाढलेला आणि सलालाहच्या बंदरावर चांगल्या हुद्द्यावर असलेला. एप्रिलमध्ये त्याने फोन केला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "आई, पूर्वाची तारीख जुलैची आहे. जुलैत इथे खरीफ असतो, दिवसभर भुरभुर पाऊस. अख्खं ओमान गाड्या घेऊन इकडे येतं आणि आपण तिला उलट तिकडे पाठवायचं? तुमचा तो एसी तर मला फोनवरसुद्धा ऐकू येतोय."

ऐकू येत होता, हे काही खोटं नव्हतं. ओमानच्याच दुसऱ्या टोकाला, वादी अदाईतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटात खिडकीतला जुना एसी असा घरघरायचा, की टीव्हीवरचा बातमीदार नुसतंच तोंड हलवतोय असं वाटावं. मीराबाईंचे यजमान भिकाजी सोफे शिवणारे कारागीर, त्यामुळे जगातल्या कुठल्याही दुखण्यावर त्यांचं औषध एकच, फोम. एसीच्या चारी बाजूंच्या फटींत त्यांनी फोम कोंबला होता, तरी आवाज होता तो होताच. घरात त्या एसीला 'म्हातारो' म्हणत. म्हातारा वीज खायचा बकासुरासारखी आणि गारवा द्यायचा चिमूटभर. म्हणून उन्हाळाभर सगळ्यांनी एकाच खोलीत पथाऱ्या टाकायच्या, ही या घरची रीतच होऊन गेली होती.

आणि वादी अदाईचा उन्हाळा काय सांगावा. आजूबाजूचे डोंगर दिवसभर तापतात आणि संध्याकाळी ती धग परत करतात, व्याजासकट. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं कढत होतं की गीझर बंद ठेवायचा आणि त्यात साठून निवलेलं पाणी 'थंड' म्हणून अंगावर घ्यायचं. नवीन आलेल्या माणसाला हे सांगितलं तर तो हसतो. पहिल्या जूनमध्ये त्याचं हसू जातं.

हे सगळं मीराबाईंना ठाऊक नव्हतं थोडंच. तरी त्यांचं एकच पालुपद. "पयलां बाळातपण म्हायेराकच व्हया, सांगान ठेवतंय," त्या भिकाजींना म्हणाल्या.

"अगो, पण चेडू हय उकाड्यान शिजात," भिकाजी म्हणाले. मुलगी कुणाला नको असते, पण बापाला तिचा घामही दिसत होता.

मीराबाईंच्या या हट्टाला कारण होतं. त्यांचं स्वतःचं पहिलं आणि शेवटचं बाळंतपण याच घरात झालं होतं. भिकाजींना रजा नव्हती, तिकिटाची सोय नव्हती. तिकडे गावी, परुळ्याला त्यांच्या आईने डिंक, अळीव, बाळंतकाढ्याचं सामान सगळं आणून ठेवलं होतं आणि ते तसंच डब्यात राहिलं. इस्पितळातून पूर्वाला घेऊन त्या या फ्लॅटात आल्या तेव्हा त्यांना पाठीला हात लावणारं माणूस नव्हतं. खाली तळमजल्यावर मालकांची आई राहायची, तिला सगळे बीबी म्हणत. दुसऱ्या दिवशी दारावर थाप पडली. बीबी दम खात उभी होती आणि तिच्यामागे तिचा तरणाताठा मुलगा नूरुद्दीन, हातात झाकलेलं पातेलं घेऊन. पातेल्यात मेथ्या घालून शिजवलेला गरम रस्सा होता, खास भाज्यांचा, कारण या बाईच्या घरी मांस चालत नाही हे बीबीने नूरुद्दीनकरवी आधीच विचारून घेतलं होतं. सव्वा महिना पुरा होईपर्यंत ते पातेलं रोज वर आलं. बीबीला हिंदी यायची नाही, मीराबाईंना अरबी यायची नाही. दोघी आपापल्या भाषेत तासन्‌तास बोलायच्या आणि बाळ मध्ये झोपलेलं असायचं.

म्हणजे उपाशी काही त्या राहिल्या नाहीत. परक्या मुलखात एवढं कोण करतं, असं त्या अजूनही हात जोडून सांगतात. पण आपली आई ती आपली आई. तो एक सल राहिला होता, आणि निदान लेकीच्या बाबतीत तो राहू नये, एवढंच मीराबाईंचं मागणं होतं. पूर्वाला हे नीट मराठीत सांगता येत नसलं तरी तिलाही यायचंच होतं. "आई, आय जस्ट वाँट टु कम होम," ती फोनवर म्हणाली आणि रडली. रडायला भाषा लागत नाही.

"मगे म्हाताऱ्याक बदला," मीराबाईंनी नवऱ्याला फर्मावलं.

नशीब असं की त्याच सुमारास जवळच रुवीतल्या एका दुकानात योजना लागली होती. वीज वाचावी म्हणून चालू स्थितीतला जुना एसी परत द्यायचा. तो मोडीत काढणार, पुन्हा कुणाच्या खिडकीत बसवणार नाहीत. बदल्यात इन्व्हर्टरवाल्या नव्या एसीवर घसघशीत सूट. सूट विजेच्या मीटरवर, एका मीटरला एकदाच. भिकाजींना मीटरचा नंबर तोंडपाठ होता. पूर्वा शाळेत जायला लागली त्याच्या आधीपासून ते बिल भरत आले होते. दुकानदाराने विचारलं, यांनी घडाघडा सांगितलं, आणि दोन दिवसांनी माणसं येऊन म्हाताऱ्याला खांद्यावर घालून घेऊन गेली. जाताना मीराबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं. इतकी वर्षं राबला बिचारा, तसंच कसं घालवायचं. खिडकीतलं भोक भिकाजींनी प्लायवूडने बंद केलं आणि आत, अर्थातच, फोम भरला.

भिंतीला नळीसाठी भोक पाडून नवा एसी वर लागला. पहिल्या संध्याकाळी दोघं त्याच्याखाली पाहुण्यांसारखी बसून राहिली. शेजारच्या घरातली फोडणी ऐकू येत होती. तेवढ्यात देवेशचा फोन आला. "हॅलो, आई? हॅलो? लाइन कट झाली वाटतं, काहीच आवाज येत नाही."

"लाइन चांगली आहे," मीराबाई जावयाशी बोलतात त्या ठेवणीतल्या मराठीत म्हणाल्या. "एसी नवा आहे."

देवेश मोकळेपणाने हसला. चांगलाच होता हो मुलगा. त्याने त्याच आठवड्याचं पूर्वाचं विमानाचं तिकीट काढलं.

इथवर सगळं सुरळीत. मग मंगळवारी दुपारी भिकाजींना नूरुद्दीनचा फोन आला. बीबी जाऊन बरीच वर्षं झाली होती, आता इमारत नूरुद्दीनच्याच नावावर होती, सगळा कारभार तोच बघायचा, आणि सगळे भाडेकरू त्याला अर्बाब, म्हणजे मालक, म्हणत. भिकाजींना तो अबू पूर्वा, म्हणजे पूर्वाचे बाबा, म्हणायचा आणि मीराबाईंना उम्म पूर्वा, पूर्वाची आई. तो एवढंच म्हणाला, "अबू पूर्वा, मेरे मोबाइल पे मेसेज आया. मेरा एसी जमा हो गया, बोलता है. मेरा कौनसा एसी? मैं असर के बाद आता हूँ."

भिकाजी फोन ठेवून सोफ्यावर बसले. शिवणाऱ्या माणसाचे हात, कधी रिकामे राहत नाहीत, ते तसेच मांडीवर पडले.

"मीरा, तो एसी आपलो नव्हतो गो."

आणि तेव्हा कुठे दोघांच्या डोक्यात प्रकाश पडला. एसी मालकाचा. बसवला होता नूरुद्दीननेच, पूर्वा शाळेत असताना, स्वतः समोर उभं राहून. मीटर मालकाच्या नावावर. भिंत मालकाची. यांनी म्हाताऱ्याच्या फटी बुजवल्या, जाळी धुतली, गॅस भरला, बिलं भरली, आणि ह्या सगळ्यात तो आपला नाही हे साफ विसरून गेले. आता दुसऱ्याची वस्तू मोडीत घातली होती, त्याच्या मीटरची एकदाच मिळणारी सूट वापरून टाकली होती, त्याच्या भिंतीला भोक पाडलं होतं. आणि विचारलं कुणाला? कुणालाही नाही. चोरानेसुद्धा इतकी हिंमत केली नसती.

"आता काय करूचा?" मीराबाईंनी विचारलं.

नूरुद्दीन माणूस दिलदार, पण भिंतीच्या बाबतीत कडक. मागच्याच वर्षी वरच्या मजल्यावरच्या एकाने न विचारता मधली भिंत पाडली, तर महिनाअखेरीला त्याला सामान बांधावं लागलं होतं. आपल्यालाही तसंच सांगितलं तर? शनिवारी पूर्वा पोट घेऊन विमानातून उतरणार, आणि तिला न्यायचं कुठे? माहेर म्हणजे काय, तर दोन खोल्या आणि त्यात आई. त्या खोल्याच गेल्या तर देवेश बिचारा गोडच बोलेल, आणि लेक सलालाहलाच बाळंत होईल. मीराबाईंनी देवापुढे दिवा लावला आणि चहाचं आधण ठेवलं. दुसरं काही सुचेना.

तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर नूरुद्दीन आला. दाढी आता पिकली होती. दारात चपला काढून तो आत आला आणि नव्या एसीखाली जाऊन उभा राहिला. हात वर करून हवा बघितली.

"चालू है?"

"चालू है, अर्बाब," भिकाजी म्हणाले.

"आवाज नहीं."

"इन्व्हर्टर है."

तो दाराजवळच्या खुर्चीत बसला. ती त्याची ठरलेली जागा. दर चतुर्थीला गणपती बघायला येऊन तो तिथेच बसायचा, मोदक खायचा, आणि भिकाजी गावाकडच्या रीतीने देवाला गाऱ्हाणं घालू लागले की मान हलवत ऐकायचा. आज मान हलत नव्हती. "मीटर मेरा," तो म्हणाला. "पुराना एसी मेरा. दीवार मेरी. डिस्काउंट मेरे नाम पे आया. तो ये मशीन किसका?"

मीराबाईंनी भिकाजींकडे पाहिलं. भिकाजी म्हणाले, "आपका, अर्बाब. गलती हमारा है. हमको याद नहीं रहा कि घर हमारा नहीं है."

बोलून गेले आणि त्यांनाच ते कसंनुसं वाटलं. पण खोटं काय होतं त्यात.

"खलास," नूरुद्दीन म्हणाला. "मशीन मेरा है. मेरा है, तो पैसा तुमने क्यों दिया?" आणि त्याने खिशातून नोटांचं पाकीट काढून तिपाईवर ठेवलं.

दोघांना कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा मीराबाई पुढे झाल्या. पाकीट त्याच्याकडे सरकवत त्या आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाल्या, "नाही नाही भाईसाब, ये हमने अपनी बेटी के वास्ते लिया. उसका पहिला बच्चा है, इधर आती है."

आता मात्र तो खरोखर चिडला. "उम्म पूर्वा, मेरी अम्मा होती तो मुझे चप्पल से मारती. उसने इस लड़की का चालीस दिन किया. पतीला मैं उठाता था, ऊपर तक, रोज, उँगली जल जाती थी. अब इस लड़की को बच्चा होगा, मेरे घर में, और ठंडी हवा किरायेदार लाएगा?" त्याने पाकीट पुन्हा पुढे ढकललं. "और अगली बार दीवार को हाथ लगाना तो पूछना. दीवार के लिए मैं गुस्सा है. एसी के लिए नहीं."

मीराबाई रडल्या. लाज न बाळगता, पदर तोंडाला लावून रडल्या. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की माहेर परुळ्याला राहिलं आणि आपण त्याला मुकलो. ते इथे जिन्याने रोज वर येत होतं, झाकण घालून, हे त्यांना आज नीट समजलं. नूरुद्दीनने चहा संपवला, भिंतीवरून एकदा हात फिरवला आणि रुवीचं ते दुकान कुठलं ते विचारून घेतलं. इमारतीत अजून बरेच म्हातारे घरघरत होते.

शनिवारी पूर्वा आली आणि आल्या आल्या थंडगार खोलीत दुपारभर झोपली, पांघरूण घेऊन. जुलैत तिला मुलगी झाली. आणि मग, ज्या एसीसाठी एवढं रामायण झालं, तो मीराबाईंनी बाळंतीण घरात येताच बंद करून टाकला. बाळंतिणीला वारा लागता कामा नये. कानाला फडकं बांधलं, बीबीने कधीकाळी दिलेल्या मातीच्या ऊदपात्रात निखारे घालून ओव्याची धुरी दिली.

"आई, प्लीज," पूर्वा घामाघूम होऊन म्हणाली. "एसी आणलास माझ्यासाठी आणि आता ऑफ? धिस इज टॉर्चर."

शेवटी भिकाजींनी तोड काढली. एसीच्या तोंडाशी फोमची पट्टी अशी बसवली की वारा छताकडे जावा आणि खोली तेवढी निवावी. मीराबाईंच्या मते वारा लागत नव्हता, पूर्वाला गार वाटत होतं, आणि भिकाजींचा फोमवरचा विश्वास आणखी पक्का झाला.

बाराव्या दिवशी बारसं झालं. देवेश सलालाहहून शहाळी घेऊन आला. नाव ठेवलं रेवा. शेजारीपाजारी जमले, नूरुद्दीन आपल्या खुर्चीत बसला. गाऱ्हाणं घालायला भिकाजी उभे राहिले, तर मीराबाई म्हणाल्या, आज मी घालणार. बायका गाऱ्हाणं घालत नाहीत, असं कोणीतरी पुटपुटलं. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा, तुझी लेकरां समुद्राच्या पल्याड येवन ऱ्हवली, तू त्यांका सांभाळलंस."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"ज्या माउलेन माझे चाळीस दिवस काढल्यान, ती जय आसात थय तिका थंडावो दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि माझ्या चेडवाक ज्येच्या भिंतीआड म्हायेर गावला, त्येच्या भिंतींक कधी तडो जाव नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. सगळ्यांचं म्हणून झालं, आणि मग दाराजवळच्या खुर्चीतून, थोड्या वेगळ्या उच्चारात, आणखी एक उशिराचा "व्हय म्हाराजा" आला. एसीचा आवाज नव्हता, म्हणून तो सगळ्यांना नीट ऐकू आला.