हवालदारावरचा आळ

विजेच्या मीटरचं रीडिंग घेणाऱ्या त्या माणसाने उभ्या आयुष्यात एका युनिटची हेराफेरी केली नव्हती. लोक चहा पाजत, लाडीगोडी लावत, 'या वेळी जरा कमी लिहा की' म्हणत. हा चहा पिऊन, कप विसळून ठेवून, आकडा जो असेल तोच टिपत असे. बायको म्हणायची, "दारावर कोणी आलं तर साधं 'घरी नाही' म्हणून सांगायलाही तुम्हाला जमत नाही." असा माणूस खोटं बोलला तेव्हा ते किती बोलायचं आणि कुठे थांबवायचं याचा त्याला काडीचाही सराव नव्हता. सगळा घोटाळा तिथेच झाला.

नाकाच्या उजव्या बाजूला मसुराएवढी पुळी आली होती. दाढी करताना रक्ताळायची, खपली धरायची, खपली पडली की पुन्हा तेच. सगळा जन्म उन्हात हिंडण्यात गेलेला. उन्हाचाच फोड असेल म्हणून त्याने दोन वर्षं काणाडोळा केला. शेवटी बायकोने हाताला धरून दवाखान्यात नेलं. तुकडा तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कातडीचा कॅन्सर आहे. पण त्यातला मवाळ. सहसा पसरत नाही, काढून टाकला की सुटलात." पहिलं वाक्य ऐकूनच हा गारठला. पुढची दोन बायकोने ऐकली.

ऑपरेशनला त्याला झोपवलं नाही, नुसता गाल बधिर केला. कात्रीचा आवाज अगदी कानाशी येत होता आणि केस जळल्यासारखा वास. काढलेला तुकडा तपासायला न्यायचा, तोवर याने गालावर बोळा दाबून बाहेर बाकावर बसायचं; मग आतून बोलावणं यायचं, "कडेला अजून थोडा आहे हो." दोनदा असं झालं. राहिलेला खड्डा बुजवायला गालाचीच कातडी ओढून घेतली. पट्टी निघाली तेव्हा नाकापासून कानाखालपर्यंत लाल रेघ होती, खालची पापणी ओढली गेली होती आणि हसताना तोंडाची एक बाजू मागे राहत होती. बायकोने नीट निरखून पाहिलं आणि म्हणाली, "आधी तरी कुठे मोठे राजबिंडे होतात?" तो हसला आणि मग आरशाकडे पाठ करून रडला.

कामावर रुजू झाला त्या दिवशी पहिल्याच गल्लीत शिवणकाम करणाऱ्या वहिनी दारात उभ्या.

"अगं बाई! भाऊ, गालाला काय हो झालं?"

ओठांवर आलेला शब्द त्याने गिळला. आत्याला हा रोग झाला तेव्हा शेजारणी तिच्या घरचं पाणी पीत नव्हत्या, हे त्याने लहानपणी पाहिलं होतं. आणि याचं तर पोटच लोकांच्या दारांवर. लोकांनी दारं लावून घेतली तर काय करायचं? "कुत्रं चावलं," तो म्हणाला.

मीटरवाल्याला कुत्रं चावलं यात नवल ते काय! गोष्ट तिथेच मिटायची. पण वहिनींच्या चौकशा मिटतात होय? "कुठलं? कोपऱ्यावरच्या आजींचा हवालदार तर नव्हे?"

"हं," तो म्हणाला.

एवढंच. आपण काही नाव घेतलं नव्हतं, नुसता हुंकार भरला होता, असं पुढे त्याने स्वतःला कितीदा तरी समजावलं. एकदाही पटलं नाही.

हवालदार म्हणजे तांबूस रंगाचा, एक कान तुटलेला, उतारवयातला कुत्रा. आजी एकट्याच राहायच्या आणि हा फाटकाशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याची झडती घेतल्यासारखा बघायचा, म्हणून गल्लीनेच त्याला हे नाव ठेवलं होतं. त्या दिवशीही मीटरवाल्याला पाहून त्याने शेपटी हलवली. याने मान खाली घालून आकडा टिपला आणि काढता पाय घेतला.

रात्री बायकोला सांगितलं तर ती ताटावरून उठली. "उद्याच्या उद्या जाऊन खरं सांगा."

"अगं, एवढ्यातेवढ्याने काय होतंय?"

पुढच्या महिन्याच्या फेरीला फाटकाशी कोणी नव्हतं. वहिनींनी हाक मारून मोठ्या अभिमानाने सांगितलं, "तुमच्या मागे आम्ही काही गप्प बसलो नाही हो! सगळी गल्ली जाऊन उभी राहिली आजींच्या दारात. त्यांचा भाचा ट्रकवर आहे, तो घेऊन गेला त्याला लांब दगडांच्या खाणीवर. तिथूनही दोर तोडून पळाला म्हणे. गेली एकदाची ब्याद."

तो तडक आजींच्या घरात शिरला. याला पाहताच आजी धडपडत उठल्या, गालाकडे पाहिलं आणि त्यांनी हात जोडले.

"माफ कर रे बाळा. पार वाट लावली मेल्याने तुझ्या तोंडाची."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आजी, हात नका जोडू. हवालदार नाही चावला. मला कॅन्सर झाला होता, कातडीचा. त्याचं ऑपरेशन झालं. मी खोटं बोललो."

घराबाहेर तो शब्द त्याने पहिल्यांदाच उच्चारला होता. आजींची नजर कोपऱ्यातल्या काठीकडे गेली. ओरडल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या, तर त्याला सोपं गेलं असतं.

"मी मारलं त्याला," त्या म्हणाल्या. "काठीने. जायच्या आदल्या दिवशी. म्हटलं, माणसाच्या तोंडाला चावतोस? पळालासुद्धा नाही रे. मार खात होता आणि माझ्याकडेच बघत होता."

"मी जातो खाणीवर. शोधतो त्याला."

"भाचा शोधून थकला." आजींनी पदराने तोंड पुसलं. "तू गल्लीत सांग. प्रत्येक दारात जाऊन सांग. त्याचं नाव बद्दू झालंय, तेवढं तरी धुऊन काढ."

तो निघाला. आजी मागोमाग फाटकापर्यंत आल्या आणि गज धरून उभ्या राहिल्या. पहिलं दार वहिनींचंच होतं. त्याने एका दमात सगळं सांगून टाकलं, तो शब्दही सांगितला, आणि आता त्या दोन पावलं मागे सरतील म्हणून जीव मुठीत धरून उभा राहिला.

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं, पलीकडे उभ्या आजींकडे पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. "भाऊ, देवमाणूस आहात हो तुम्ही! म्हातारीला वाईट वाटू नये म्हणून एवढा मोठा रोग स्वतःवर ओढवून घेताय? असं अभद्र बोलू नये."

"अहो वहिनी, खरंच..."

"मला नका शिकवू. कॅन्सरवाल्यांचे केस जातात. तुमचे बघा कसे काळेभोर आहेत!"

तो तोंडात मारल्यासारखा परत फिरला. आजींनी सगळं ऐकलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर मघा नव्हतं असं काहीतरी आता दिसत होतं. ती आशा होती, हे ओळखायला त्याला जरा वेळ लागला.

"खरं सांग रे," त्या हळूच म्हणाल्या. "तिचंच खरं ना? मला बरं वाटावं म्हणून बोललास ना तू? म्हातारा झाला होता, डोळ्यांना कमी दिसत होतं त्याच्या. चावलाच असेल. चावला ना?"

आजी काय मागत होत्या ते त्याला कळलं. होय म्हटलं असतं तर त्या काठीचं ओझं त्यांच्या हातावरून उतरलं असतं, आणि गल्लीने यालाच डोक्यावर घेतलं असतं. त्याला होय म्हणावंसं वाटलं, फार वाटलं.

"नाही आजी," तो म्हणाला. "तो माझ्यावर कधी भुंकलासुद्धा नाही."

आजींनी डोळे मिटले. त्यांचा हात गजांवरून खाली आला.

"मग पुढच्या घरी जा," त्या म्हणाल्या. "आणि तिथे तरी पटेल असं सांग."