आत्याबाईंचा टांगलेला दुधी

आमच्या सासूबाईंनी गारखेड्यातल्या आमच्या घरात मेलेल्या माणसाचं मुंडकं टांगलं होतं, असं आमच्या कॉलनीतले काही लोक अजूनही मानतात. तो दुधी होता.

आता मीही सांगते, दिसायला तो मुंडक्यासारखाच होता. खाली वाटोळं डोकं, वर बारीक मान, वाळून वाळून लाकडासारखा कडक झालेला, अंगाला राख फासलेली. आणि मानेला माझ्या सासऱ्यांच्या जुन्या पटक्याची पट्टी बांधलेली! (सासरे जाऊन बराच काळ झाला. पटका मात्र घरात कुठं ना कुठं असतोच.)

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या गावी, पिशोरला, विहिरीच्या कडंला त्यांचा भाजीचा एक छोटा तुकडा आहे. उन्हाळ्यात तिथंच पाय घसरून पडल्या, गुडघा दुखावला, आणि डॉक्टरनं पलंगावरून उठायचंच नाही असं बजावलं. म्हणून त्या आमच्याकडं आल्या. सोबत लुगड्यांचं एक गाठोडं आणि मांडीवर हा दुधी. पाळण्यासाठी छताला ठेवलेल्या कडीला, आपल्या पलंगाच्या बरोबर वर, त्यांनी तो टांगायला लावला.

"ह्याला कुनी हात लावायचा नाय," त्या म्हणाल्या. "बियाण्याचा हाय. गावात गावरान दुधी ह्यो येकच राहिलाय. आखितीला आळ्यात घालायचाय. ह्यात जीव हाय माझा."

हे बोलताना त्यांनी आमच्या ह्यांच्याकडं असं बघितलं, की ह्यांनी चहाचा कप तोंडासमोर धरला.

त्याला कारण होतं. आमचे हे, दिलीपराव, बियाण्याच्या कंपनीत आहेत. गावोगाव फिरून रंगीत पाकिटं खपवतात. पिशोरच्या मळ्यांमधून गावरान दुधी गेला तो ह्यांच्याच कर्तबगारीनं! पाकिटातला दुधी पट्टीनं आखल्यासारखा सरळ, क्रेटमध्ये मापात बसणारा, ट्रकमधून कितीही लांब गेला तरी न खरचटणारा. चवीला ओला टॉवेल. आणि त्याचं बी धरून लावलं, तर पुढच्या साली वेलावर काय येईल ते वेलालाच ठाऊक. म्हणजे दरसाल नवं पाकीट. आत्याबाई दरसाल वेलावरचं पहिलं चांगलं फळ बियाण्याला राखायच्या, चिंधी बांधून, म्हणजे कुणी तोडू नये. त्या साली वेल रोगानं गेला आणि तेवढं एकच फळ हाती लागलं.

पहिले काही दिवस बरे गेले. मग एका भर दुपारी लाईट गेली. बाहेर कुत्रंही नाही, रस्ता तापलेला, सगळी कॉलनी मेल्यासारखी झोपलेली. मी पाणी द्यायला आत्याबाईंच्या खोलीत गेले. त्या डोळे मिटून पडलेल्या. पंखा बंद, खिडकी बंद, पडद्याची झालरही हलत नव्हती.

आणि दुधी झुलत होता.

सावकाश. ह्या अंगाला, त्या अंगाला. आतून आवाज येत होता, खुळ्ळ, खुळ्ळ.

मी तांब्या तिथंच ठेवला आणि बाहेर आले. (पळत नाही. भरभर.)

"मांजर असंल," हे म्हणाले.

"मांजर छताला लटकतंय व्हय?"

"मग पाल."

"पालीनं एवढा दुधी हलायला ती पाल घोरपडीएवढी पाहिजे!"

दुसऱ्या दुपारी आम्ही दोघं दाराला कान लावून उभे राहिलो. आधी खुळ्ळ खुळ्ळ झालं. मग आत्याबाईंचा आवाज आला, अगदी हळू, लाडात बोलल्यासारखा.

"जागे हायत ना समदे? व्हय, आली आता आखिती. लई वाट बगितली तुम्ही. समद्यांना येकदमच मातीत घालू. कुनाला मागं ठेवायचं नाय. दिल्याला खड्डे खांदायला लावते. मंगली वरून पानी घालंल."

आमच्या ह्यांची बोबडी वळली. दिल्या म्हणजे तेच, आणि मंगली म्हणजे मी! त्यात आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडं पितरांना घागर भरायचा दिवस. कोण जागं होतं? कोण वाट बघत होतं? आणि खड्डे नेमके कुणासाठी? माझ्या डोळ्यांसमोर सासऱ्यांचा पटका नाचायला लागला.

"बाबा आलेत," हे कुजबुजले. "मी गावात कंपनीचं बी आणलं म्हणून चिडून आलेत! मंगल, उतारा टाकावा लागंल."

आता माझी खरी पंचाईत. त्याच वर्षी महिला दिनाला, आमच्या मंडळाच्या अध्यक्षा साळवेमॅडम यांच्या आग्रहावरून, मी सगळ्या कॉलनीसमोर अंधश्रद्धेवर भाषण ठोकलं होतं. 'भूत आपल्या मनात असतं भगिनींनो!' ह्या वाक्याला टाळ्या पडल्या होत्या. आता ते मनातून निघून बेडरूममध्ये आलं होतं, त्याला मी काय करू?

"पण आत्याबाईंचं बियाणं?" मी विचारलं.

"अगं, माझ्या बॅगेत पाकिटं पडलीत की! त्यातलं देऊ. दुधी तो दुधी."

ह्या माणसावर मी त्या क्षणी विश्वास ठेवला. भीतीनं अक्कल जाते ती अशी.

गुडघ्याच्या गोळीनं आत्याबाईंना गाढ झोप लागायची. तिन्हीसांजेला ह्यांनी दुधी उतरवला, मी हळद-कुंकू लावलं, दहीभात काढला, लिंबू कापलं. कॉलनीचे तीन रस्ते मिळतात त्या तिकटीवर सगळं ठेवलं आणि मागं वळून न बघता आलो. वाटेत माझी एक चप्पल निघाली. ती तिथंच राहिली, कारण मागं वळायचं नव्हतं.

सकाळी आत्याबाईंनी वर बघितलं.

"मंगले, माझं बी कुठं गेलं?"

ह्यांनी पुढं होऊन पाकीट फोडलं आणि त्यांच्या तळहातावर बिया ओतल्या. औषध चोळलेल्या, गुलाबी गुलाबी.

"हे बी हाय का बडीशोप?"

"लई भारी व्हरायटी हाय, माय. फक्त तोंडात घालू नको, विषारी लेप असतो."

आत्याबाईंनी हात उलटा केला. बिया फरशीवर पडल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पदरानं तळवा पुसत बसल्या आणि म्हणाल्या, "समद्यांच्या मळ्यातून तूच काढलंस, दिल्या. मी एकटीनं जपलं. आता कुनाच्या दारात मागाया जाऊ?"

मी झालं ते सगळं सांगून टाकलं: झुलणं, खुळखुळणं, खड्डे, सासरे.

"अगं भवाने! मीच हालवत व्हते, काठीनं! पडल्या पडल्या ढोसायची. आतून बी सुटं वाजलं की समजायचं, चांगलं हाय. तुमची चाहूल लागली की डोळे मिटायची. न्हाय तर म्हातारी गप पडत न्हाय म्हून तू डॉक्टरला सांगितलं असतंस."

"मग बोलत कुणाशी होता?"

"बियाशी! ह्या घरात दुसरं कोन ऐकतंय माझं?"

मी तशीच तिकटीकडं धावले. तिथं अख्खी कॉलनी जमलेली. मधोमध कुंकवानं लाल झालेला दुधी, शेजारी माझी चप्पल. घंटागाडीवाला हात जोडून उभा होता. "म्याडम, हम कचरा उठाते. करणी नक्को!"

त्याला समजावत होत्या साळवेमॅडम. मला बघताच त्यांचा चेहरा उजळला.

"आल्या मंगलताई! ह्यांचं भाषण आठवतंय ना सगळ्यांना? या ताई, उचला आणि दाखवा, काही होत नाही."

देवच पावला म्हणायचा! नुसतं उचलायचं आणि घरी न्यायचं, वर शाबासकी. मी ऐटीत वाकले, हात पुढं केला.

खुळ्ळ.

वारा असेल. गाडीचा हादरा असेल. सगळं माहीत असून मी अशी किंचाळले, की घंटागाडीवाला गाडीत चढून बसला.

तेवढ्यात मागून ह्यांची स्कूटी आली. मागं एका अंगाला पाय सोडून आत्याबाई, हातात काठी. त्यांनी दुधी बघितला, दहीभात बघितला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मंगले, बियाला कुटं दहीभात लागतो गं? आन् ती चप्पल घाल पायात!"

सगळी कॉलनी माझ्याकडं वळली. साळवेमॅडम तर चष्मा काढून बघत होत्या.

आत्याबाईंनी दुधी फूटपाथच्या कडेवर आपटला. कडकन आवाज झाला, लोक मागं सरले. आतून पांढऱ्या पांढऱ्या बिया घळाघळा बाहेर आल्या. "बगा, हे भूत! माझ्या येकटीकडं व्हतं म्हनून ही येळ आली. उद्या आखिती हाय. न्या घरोघर, आळं करा आन् घाला." आधी कुणी हात लावीना. मग साळवेमॅडमनी ओंजळ पुढं केली, आणि पाहता पाहता रांग लागली. उरलेल्या बिया पदरात बांधून आत्याबाई दुसऱ्या दिवशी गाडीनं पिशोरला गेल्या. तिथं बांधावर बसून त्यांनी ह्यांना खड्डे खांदायला लावले. पाणी मी घातलं. सगळे मातीत गेले, कुणालाही मागं ठेवलं नाही.

पावसाळ्यात कॉलनीच्या ग्रिलांवर असे वेल चढले म्हणता! संध्याकाळी दारोदार डोकी लोंबकळताना बघून नवा माणूस अजूनही दचकतो. दुधी मात्र तुपासारखा शिजतो. आज काय भाजी विचारलं, की बायका मला ऐकू जाईल अशा बेतानं सांगतात, "मंगलताईंची करणी, हरभऱ्याची डाळ घालून!"

बियाण्याचा एक दुधी आता मीही त्याच कडीला टांगलाय. परवा दुपारी त्याला काठीनं हलवून, दोन शब्द बोलून बाहेर आले, तर दाराशी आमचे हे उभे, घामानं डबडबलेले.

हातात लिंबू होतं.